फेऱ्या मोजून पंखा चालवायचा: ईएमसी२३०१ चिप आणि चार तारांचा पंखा

कॅबिनेटमध्ये, इन्व्हर्टरच्या पेटीत किंवा छोट्या सर्व्हरमध्ये बसवलेला पंखा बहुतेक वेळा फक्त ‘ऐकतो’. आपण त्याला ४० टक्के पीडब्ल्यूएम (झरझर चालू-बंद होऊन वेग ठरवणारा सिग्नल) देतो आणि तो फिरत असेल असं गृहीत धरतो. धूळ बसली, बेअरिंग जड झालं किंवा कनेक्टर सैल झाला, तरी मायक्रोकंट्रोलर आपला ४० टक्केच पाठवत राहतो. पंखा थांबल्याचं कळतं ते आतलं काहीतरी तापून बंद पडल्यावर. म्हणून या लेखात सगळा भर पंख्याच्या तिसऱ्या तारेवर, म्हणजे फिरताना पल्स पाठवणाऱ्या टॅकच्या तारेवर आहे. पंख्याला टक्के सांगायचे नाहीत, फेऱ्या सांगायच्या. त्या फेऱ्या खरोखर होताहेत का, हे चिपनंच सतत तपासायचं.

यासाठी घेतलेली चिप म्हणजे मायक्रोचिपची ईएमसी२३०१. मूळ एसएमएससी कंपनीची ही मालिका २०१२ मध्ये ती कंपनी विकत घेतली गेल्यावर मायक्रोचिपकडे आली. आठ पायांची, ३.३ व्होल्टवर चालणारी, एका पंख्यासाठीची ही चिप आहे. रास्पबेरी पायच्या कॉम्प्युट मॉड्यूल ४ च्या आयओ बोर्डावर पंख्याच्या कनेक्टरमागे हीच बसवलेली आहे, त्यामुळे तो बोर्ड हाताशी असेल तर वेगळी जुळणी करायची गरज नाही. फक्त त्या बोर्डाला १२ व्होल्टचाच अॅडॅप्टर द्या, कारण पंख्याचे १२ व्होल्ट तिथूनच येतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी: या चिपमध्ये तापमान मोजायची सोय नाही. ती फेऱ्या मोजते आणि फेऱ्या राखते. किती तापलं की किती फिरायचं, हे मायक्रोकंट्रोलरनं ठरवायचं.

लेखात रजिस्टरांचे (चिपमधल्या सेटिंगच्या कप्प्यांचे) पत्ते आणि त्यांत लिहायच्या किमती हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकांत) दिल्या आहेत, आणि तसा आकडा आला की आधी ‘हेक्स’ लिहिलं आहे. हेक्स २एफ म्हणजे दशमान ४७. आधी ‘हेक्स’ नसलेला आकडा साधा दशमान समजावा.

पंखा निवडताना

चार तारांचाच पंखा घ्या. इंटेलच्या चार तारांच्या पंख्यांच्या मानकाप्रमाणे पहिली पिन ग्राउंड, दुसरी १२ व्होल्ट, तिसरी टॅक आणि चौथी पीडब्ल्यूएम. त्या मानकातले रंग अनुक्रमे काळा, पिवळा, हिरवा आणि निळा. पण काही पंख्यांच्या चारही तारा काळ्या असतात आणि स्वस्त पंख्यांत रंग काहीही निघतात. म्हणून रंगावर जाऊ नका, कनेक्टरच्या खाचेच्या बाजूनं पिना मोजा.

याच मानकात पीडब्ल्यूएमची वारंवारता २५ किलोहर्ट्झ सांगितली आहे आणि २१ ते २८ पर्यंत चालते. एका फेरीला टॅकचे दोन पल्स येतात. पीडब्ल्यूएमची तार मोकळी सोडली तर पंखा पूर्ण वेगानं फिरतो. ही शेवटची गोष्ट सुरक्षेच्या दृष्टीनं फार मोलाची आहे: चिपची तार तुटली तरी पंखा बंद न पडता जोरात फिरेल.

तीन तारांच्या पंख्याचं काय? त्याचा १२ व्होल्टचा पुरवठा मॉसफेटनं (इलेक्ट्रॉनिक स्विचनं) तोडून वेग कमी करता येतो, पण पुरवठा तुटला की पंख्यातल्या, फेऱ्या ओळखणाऱ्या हॉल सेन्सरचाही पुरवठा तुटतो. मग टॅकच्या पल्सांमध्ये पीडब्ल्यूएमचे तुकडे मिसळतात आणि येणाऱ्या आकड्यांना अर्थ उरत नाही. असा पंखा नीट चालवायचा तर त्याला कमी-जास्त होणारं स्थिर व्होल्टेज द्यावं लागतं, आणि तो वेगळा विषय आहे.

पुढची सगळी उदाहरणं ८० मिलिमीटरच्या, २,२०० आरपीएमच्या (मिनिटाला २,२०० फेऱ्यांच्या) पंख्यावर बेतलेली आहेत. हा आकार पुरेल का याचा अंदाज असा काढा: घनमीटर प्रति तास हवा = ३ × वॅट ÷ आत-बाहेरच्या तापमानातला फरक. ६० वॅट उष्णता आणि १० अंश फरक धरला तर १८ घनमीटर हवा लागते. पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, फिल्टर आणि तारांच्या गर्दीत त्याचा निम्मा धरून चाला.

लागणारं सामान

ईएमसी२३०१ एमएसओपी-८ आवरणात येते, पायांमधलं अंतर ०.६५ मिलिमीटर. ब्रेडबोर्डवर वापरायची तर एमएसओपी-८ चा अॅडॅप्टर बोर्ड लागेल. सोल्डर करताना फ्लक्स भरपूर वापरा आणि झाल्यावर शेजारशेजारचे पाय एकमेकांना चिकटले नाहीत ना, हे मल्टिमीटरच्या बझरवर तपासा. बाकीचं सामान:

– ३.३ व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर. रास्पबेरी पाय पिको किंवा ईएसपी३२, दोन्ही चालतात.
– १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अॅडॅप्टर.
– ४.७ किलोओमचे तीन रेझिस्टर (दोन आयटूसीसाठी, म्हणजे मायक्रोकंट्रोलर आणि चिप यांच्या दोन तारांच्या संवादासाठी, एक तापमानाच्या सेन्सरसाठी) आणि १० किलोओमचे दोन.
– चिपजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, पंख्याच्या कनेक्टरजवळ १०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक.
– डीएस१८बी२० तापमान सेन्सर.

जोडणी

पिकोवर जीपी४ ही एसडीए (आयटूसीची डेटा तार) आणि जीपी५ ही एससीएल (क्लॉकची तार). त्या चिपच्या एसएमडेटा आणि एसएमक्लॉकला जोडा, आणि दोन्ही तारांना ३.३ व्होल्टकडे ४.७ किलोओमचे पुल-अप (तार वर ओढून धरणारे रेझिस्टर) द्या. विकत घेतलेल्या मॉड्यूलवर पुल-अप आधीच असतील तर पुन्हा लावू नका.

टॅकची तार चिपच्या टॅक पिनेला, आणि तिथून १० किलोओम ३.३ व्होल्टकडे. पंख्याचा टॅक ओपन कलेक्टर असतो, म्हणजे तो फक्त खाली ओढतो, वर ओढायचं काम या रेझिस्टरचं. घाईत हा पुल-अप १२ व्होल्टला लावला जातो आणि चिप जाते. रेझिस्टरचं दुसरं टोक कुठे गेलंय ते पुरवठा देण्याआधी पुन्हा एकदा पाहा.

पीडब्ल्यूएमची पिन सरळ पंख्याच्या चौथ्या तारेला. चिपची ही पिन सुरुवातीला ओपन ड्रेन असते, म्हणजे तीही फक्त खाली ओढते, आणि ती तशीच राहू द्या. पंख्याच्या आत स्वतःचा पुल-अप असतो, काही पंख्यांत तो ५ व्होल्टपर्यंतही असतो. हेक्स २बी रजिस्टर बदलून पिन पुश-पुल (वर-खाली दोन्हीकडे ओढणारी) केली तर पंख्यातले ५ व्होल्ट आणि चिपचे ३.३ व्होल्ट एकमेकांशी भांडतील.

अलर्टची पिन १० किलोओमनं ३.३ व्होल्टकडे ओढून पिकोच्या कोणत्याही मोकळ्या इनपुटला द्या. क्लॉकची पिन आपण वापरत नाही, आतला ऑसिलेटर पुरतो. ती कशी बांधायची ते डेटाशीटमधल्या पिनांच्या तक्त्यात दिलेलं आहे.

आता ग्राउंड. अॅडॅप्टरचं ग्राउंड, पिकोचं ग्राउंड आणि चिपचं ग्राउंड एकत्र असलंच पाहिजे, पण पंख्याचा प्रवाह चिपच्या ग्राउंडमधून वाहू देऊ नका. पंख्याची काळी तार थेट अॅडॅप्टरच्या ग्राउंडला न्या आणि तिथूनच वेगळी तार चिपकडे आणा. ब्रेडबोर्डच्या एकाच पट्टीवर सगळं टोचलं की सुरू होतानाच्या झटक्यात चिपचं ग्राउंड हलतं आणि आयटूसी मध्येच अडकतं.

पहिली ओळख

आधी ३.३ व्होल्ट द्या, मग १२. आयटूसीची वारंवारता सुरुवातीला १०० किलोहर्ट्झ ठेवा. बस तपासल्यावर हेक्स २एफ या पत्त्यावर उत्तर यायला हवं. या चिपचा पत्ता ठरलेला आहे, बदलता येत नाही. मग दोन रजिस्टरं वाचा: हेक्स एफडी मध्ये हेक्स ३७ (चिपची ओळख) आणि हेक्स एफई मध्ये हेक्स ५डी (उत्पादकाची ओळख). हे दोन आकडे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. सगळीकडे हेक्स एफएफ येत असेल तर चिप बोलतच नाही: ग्राउंड, पुल-अप, किंवा एसडीए-एससीएलची अदलाबदल तपासा.

याच वेळी पंखा अचानक पूर्ण वेगानं फिरू लागला तर घाबरू नका. पुरवठा मिळाल्यावर चार सेकंदांत कुणी वेग लिहिला नाही, तर चिपचा वॉचडॉग पंखा १०० टक्क्यांवर नेतो. मायक्रोकंट्रोलर अडकला तरी यंत्र तापू नये म्हणून ही सोय आहे. हेक्स ३० मध्ये, म्हणजे पंख्याला द्यायच्या जोराच्या रजिस्टरमध्ये, काही लिहिलं की सुरुवातीचा हा वॉचडॉग शांत होतो.

आधी मोजणी, नियंत्रण नंतर

इथे घाई करणाऱ्यांचं पुढे सगळं चुकत जातं. फेऱ्यांचं स्वयंचलित नियंत्रण चालू करण्याआधी पंख्याचा स्वभाव कागदावर उतरवून घ्या.

हेक्स ३२ हे सर्वात महत्त्वाचं रजिस्टर. त्यात आठ बिट अशा वाटलेल्या आहेत: सर्वात वरची बिट स्वयंचलित नियंत्रण चालू-बंद करते. पुढच्या दोन फेऱ्यांची कक्षा ठरवतात, त्यापुढच्या दोन एका मोजणीत टॅकचे किती काठ (पल्सचे चढ आणि उतार) धरायचे ते, आणि शेवटच्या तीन किती वेळानं दुरुस्ती करायची ते. सुरुवातीची किंमत हेक्स २बी असते: नियंत्रण बंद, कक्षा दुसरी, पाच काठ (दोन पल्सच्या पंख्यासाठी बरोबर), दर ४०० मिलिसेकंदांनी दुरुस्ती.

अडचण ‘कक्षा दुसरी’ यात आहे. त्या कक्षेत चिप साधारण १,००० आरपीएमच्या खालचं मोजूच शकत नाही. मोजणीचा आकडा १३ बिटांचा, म्हणजे ८,१९१ पर्यंतच जातो. ७०० आरपीएमवर शांतपणे फिरणारा पंखा या कक्षेत ‘थांबलेला’ दिसतो आणि चिप त्याला पुन्हा पुन्हा धक्का देत बसते. घरात-ऑफिसात लागणारे मंद पंखे नेमके याच पट्ट्यात फिरतात, म्हणून आपण पहिली कक्षा घेऊ: हेक्स ३२ मध्ये हेक्स ०बी लिहा. आता साधारण ५०० आरपीएमपर्यंत मोजता येईल.

मोजणी वाचायची ती हेक्स ३ई (वरचा बाइट) आणि हेक्स ३एफ (खालचा बाइट) यांतून. वरचा आधी वाचा, लगेच खालचा. दोन्ही जोडून १६ बिटांचा आकडा करा, त्याला ८ नं भागा (खालच्या तीन बिट रिकाम्या असतात), मग:

आरपीएम = ३९,३२,१६० × कक्षेचा गुणक ÷ मोजणी

पहिल्या कक्षेचा गुणक १, दुसरीचा २, तिसरीचा ४, चौथीचा ८. हा आकडा कुठून येतो तेही समजून घ्या: चिपचं आतलं घड्याळ ३२,७६८ हर्ट्झचं, मिनिटात ६० सेकंद, आणि दोन पल्सच्या पंख्यात पाच काठ म्हणजे बरोबर एक फेरी. मोजणी चालते ती त्या घड्याळाच्या ठोक्यांमध्ये, पहिल्या कक्षेत दुप्पट बारकाईनं. म्हणून पंखा जितका हळू, तितकी मोजणी मोठी. हे उलटं नातं डोक्यात पक्कं ठेवा, पुढे लक्ष्य लिहिताना ते लागेल.

उदाहरण: वरचा बाइट हेक्स ४डी, खालचा हेक्स ९०. जोडून हेक्स ४डी९०, म्हणजे १९,८५६. भागिले ८ = २,४८२. आरपीएम = ३९,३२,१६० ÷ २,४८२ = सुमारे १,५८४.

आता हेक्स ३० मध्ये २५५ लिहा, दहा सेकंद थांबा, आरपीएम टिपा. मग २३०, २०५, १८०, असं २५-२५ नं उतरत जा आणि प्रत्येक पायरीवर दहा सेकंद थांबून टिपत जा. पंखा एका क्षणी खाली जाणं थांबवतो किंवा बंद पडतो. तो आकडा म्हणजे त्याचा ‘चालू राहण्याचा’ तळ. नंतर पंखा पूर्ण थांबवून शून्यापासून ५-५ नं वर चढत जा. तो ज्या आकड्यावर सुटतो तो ‘सुटण्याचा’ तळ, आणि हा नेहमी चालू राहण्याच्या तळापेक्षा वर असतो. काही पंखे शून्य टक्क्यांवरही थांबत नाहीत, आपल्या किमान वेगानं फिरत राहतात. मानकाला ते चालतं. असा पंखा खरोखर बंद करायचा असेल तर १२ व्होल्टच्या तारेवर मॉसफेट घालावा लागेल.

आकडे खरे आहेत का याची पडताळणी मल्टिमीटरच्या हर्ट्झ रेंजवर होते. मीटर टॅकच्या तारेवर ठेवा: १,२०० आरपीएमला ४० हर्ट्झ दिसायला हवेत. चिपचा आकडा बरोबर दुप्पट किंवा निम्मा येत असेल, तर तुमचा पंखा एका फेरीला दोन पल्स देत नाही आणि हेक्स ३२ मधल्या काठांच्या बिट बदलाव्या लागतील. ब्लोअर आणि औद्योगिक पंख्यांत हे आढळतं.

फेऱ्यांचं लक्ष्य

आता चिपला सांगायचं: १,२०० आरपीएम राख. मोजणी = ३९,३२,१६० ÷ १,२०० = ३,२७७ (पूर्णांकात). तिला ८ नं गुणा: २६,२१६, म्हणजे हेक्स ६६६८. खालचा बाइट हेक्स ६८ आधी हेक्स ३सी मध्ये, मग वरचा बाइट हेक्स ६६ हेक्स ३डी मध्ये. ७०० आरपीएमसाठी मोजणी ५,६१७, आणि लिहायचा आकडा हेक्स एएफ८८.

पण लक्ष्य लिहून लगेच नियंत्रण चालू करू नका. क्रम असा ठेवा:

१. हेक्स ३२ मध्ये हेक्स ०बी. कक्षा ठरली, नियंत्रण अजून बंद.

२. हेक्स ३३ मध्ये हेक्स २ए. मूळ किमतीत फेऱ्या चुकण्याची मुभा शून्य असते, म्हणजे चिप एकेका आरपीएमसाठी झगडते. ही किंमत ५० आरपीएमची मुभा देते आणि आवाजाची सततची चढ-उतार थांबते.

३. हेक्स ३६ मध्ये हेक्स ५९. मुळात इथे हेक्स १९ असतं: सुरू होताना अर्धा सेकंद झटका, त्यातला पाव वेळ १०० टक्के आणि उरलेला ६० टक्के. हे बहुतेक पंख्यांना पुरतं. आपण फक्त त्यात ‘जोर लावूनही लक्ष्य गाठलं नाही’ ही तक्रार १६ दुरुस्त्यांनंतर, म्हणजे ६.४ सेकंदांनी करण्याची बिट वाढवली. मोठा, जड पंखा असेल तर झटक्याचा वेळ एक सेकंद करा: हेक्स ५ए.

४. हेक्स ३८ मध्ये किमान जोर. मूळ किंमत हेक्स ६६, म्हणजे ४० टक्के, आणि इथेच पुष्कळजण अडकतात. तुमचा पंखा ४० टक्क्यांवर ९५० आरपीएम फिरत असेल तर ७०० चं लक्ष्य तो कधीच गाठणार नाही, चिप त्याखाली जाणारच नाही. आपण टिपलेल्या ‘चालू राहण्याच्या’ तळापेक्षा दहाएक आकडे वरची किंमत इथे लिहा. तळ ५० आला असेल तर ६०, म्हणजे हेक्स ३सी.

५. हेक्स ३९ ला हात लावू नका. त्यातलं हेक्स एफ५ पहिल्या कक्षेत सुमारे ५०० आरपीएमखालच्या पंख्याला ‘अडकलेला’ ठरवतं, आणि ते आपल्याला हवंच आहे.

६. हेक्स ३ए मध्ये हेक्स ४० आणि हेक्स ३बी मध्ये हेक्स ०ए. ही लक्ष्य चुकण्याची मर्यादा, १,२०० च्या मोजणीच्या साधारण दहा टक्के.

७. लक्ष्य: हेक्स ३सी, मग हेक्स ३डी.

८. सगळ्यात शेवटी हेक्स ३२ मध्ये हेक्स ८बी. नियंत्रण चालू.

प्रत्येक रजिस्टर लिहिल्यावर परत वाचून पाहा. आणि हेक्स ईएफ मध्ये चुकूनही १ लिहू नका. ते सॉफ्टवेअर कुलूप आहे, एकदा लागलं की पुरवठा काढेपर्यंत नियंत्रणाची रजिस्टरं बदलता येत नाहीत.

पंखा आता पाच-सहा सेकंदांत १,२०० च्या आसपास स्थिरावायला हवा. चिप दर दुरुस्तीला जास्तीत जास्त १६ आकडे हलते (हेक्स ३७ मधलं हेक्स १०), म्हणून ४० टक्क्यांवरून १०० वर जायला चारेक सेकंद लागतात. कानाला हा चढ सौम्य वाटतो, वाढवायची गरज सहसा पडत नाही. पंखा लक्ष्याच्या वर-खाली झोके घेत असेल तर हेक्स ३५ मधला गेन (दुरुस्तीची तीव्रता) कमी करा: मूळ हेक्स २ए म्हणजे चौपट, हेक्स १५ म्हणजे दुप्पट, हेक्स ०० म्हणजे एकपट. छोटे, हलके पंखे दुप्पटीवर शांत चालतात.

या अवस्थेत हेक्स ३० वाचा. स्वयंचलित नियंत्रणात तिथे चिप सध्या किती जोर लावतेय ते दिसतं. नव्या पंख्याचा १,२०० आरपीएमचा हा आकडा टिपून ठेवा. काही महिन्यांनी त्याच फेऱ्यांसाठी तो बराच वाढलेला दिसला तर बेअरिंग कोरडं पडतंय किंवा पात्यांवर धुळीचा थर चढलाय. पंखा बंद पडण्याच्या कितीतरी आधी ही सूचना मिळते, आणि नुसत्या टक्क्यांवर चालणाऱ्या जुळणीत ती मिळतच नाही.

तापमानाशी सांगड

सेन्सर कुठे लावायचा, हा किती तापल्यावर किती फेऱ्या या वक्रापेक्षा मोठा प्रश्न आहे. हवेत लोंबकळत ठेवू नका. जे तापतं त्या हीटसिंकला थर्मल पेस्टनं किंवा ज्यातून हवा बाहेर पडते त्या जाळीच्या आतल्या बाजूला बांधा. डीएस१८बी२० च्या डेटा तारेला ३.३ व्होल्टकडे ४.७ किलोओम लागतोच.

या पंख्यासाठी चांगला चालणारा वक्र: ३८ अंशांखाली ७०० आरपीएम, ३८ ते ५५ अंशांत सरळ रेषेत १,८०० पर्यंत, म्हणजे दर अंशाला सुमारे ६५ आरपीएम. ४५ अंशांना ते १,१५५ च्या आसपास येतं. ५८ च्या वर नियंत्रण सोडून थेट पूर्ण वेग: हेक्स ३० मध्ये २५५, हेक्स ३२ मध्ये हेक्स ०बी. लक्ष्याची कमाल २,२०० न ठेवता १,८०० ठेवण्याचं कारण असं की पंख्याच्या जाहीर वेगात सहसा दहा टक्के इकडेतिकडे धरलेलंच असतं. २,१०० चं लक्ष्य एखाद्या निरोगी पंख्यालाही गाठता येणार नाही आणि चिप खोटी तक्रार करत राहील.

उतरताना ३ अंशांची ढील ठेवा: ५८ ला पूर्ण वेग लागला तर ५५ पर्यंत सोडू नका. लक्ष्य दर दोन सेकंदांनी बदललं तरी पुरतं, आणि बदल ३० आरपीएमपेक्षा कमी असेल तर लिहूच नका.

विदर्भात हा वक्र जसाच्या तसा वापरू नका. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरची हवाच ४५ अंशांवर जाते, आणि पंखा कॅबिनेटला बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. ३८ अंशांपासून चढणारा वक्र तिथे महिनाभर पंखा उगाच दामटत ठेवील. दुसरा डीएस१८बी२० बाहेरच्या बाजूला लावा आणि वक्र फरकावर बांधा: बाहेरपेक्षा ५ अंश जास्त असताना ७००, १५ अंशांना १,८००. पूर्ण वेगाची मर्यादा मात्र आतल्या प्रत्यक्ष तापमानावरच ठेवा, आणि ती आतल्या सर्वात नाजूक भागाच्या डेटाशीटवरून ठरवा.

मंद वेगाला उगाच घाबरू नका. हवा फेऱ्यांच्या प्रमाणात कमी होते, पण लागणारी वीज घनाच्या प्रमाणात: फेऱ्या निम्म्या केल्या की हवा निम्मी, वीज आठवा भाग.

डीएस१८बी२० चा एक सापळा सांगायलाच हवा. चालू झाल्यावर पहिलं मोजमाप पूर्ण व्हायच्या आत वाचलं तर तो ८५ अंश सांगतो, आणि यंत्र लावताक्षणी पंखा गरजतो. १२ बिटांच्या मोजणीला ७५० मिलिसेकंद लागतात, तेवढं थांबा. सेन्सर तुटला तर अनेक लायब्रऱ्या उणे १२७ देतात. ते ‘थंड आहे’ असं समजून पंखा ७०० वर नेणारा प्रोग्राम धोकादायक आहे. तापमान शून्याखाली किंवा १०० च्या वर आलं की सरळ पूर्ण वेग.

बिघाड कळावा म्हणून

हेक्स २९ मध्ये १ लिहिलं की बिघाड झाल्यावर अलर्टची पिन खाली जाते. मग हेक्स २४ वाचा: सर्वात खालची बिट पंखा अडकल्याची, तिच्यावरची धक्का देऊनही सुटला नसल्याची, त्यावरची लक्ष्य न गाठल्याची, आणि सर्वात वरची वॉचडॉगची. हेक्स २५, हेक्स २६ आणि हेक्स २७ वाचले की कारण दूर झालेलं असल्यास बिट पुसल्या जातात. सुरू होतानाच्या क्षणिक तक्रारीवर बझर वाजवू नका: तक्रार आली की दहा सेकंद थांबा, पुन्हा वाचा, तरीही असेल तर वाजवा.

वॉचडॉग कायमचा चालू ठेवायचा असेल तर हेक्स २० मध्ये हेक्स ६०. मग मात्र मायक्रोकंट्रोलरनं लक्ष्याची रजिस्टरं दर सेकंदाला पुन्हा लिहायला हवीत, किंमत तीच असली तरी. चार सेकंद खंड पडला की पंखा पूर्ण वेगावर. ही सोय वापरा, पण प्रोग्राम पूर्ण तपासून झाल्यावर. वाय-फायची जोडणी करताना ईएसपी३२ पाच-सहा सेकंद अडकला की पंखा दर वेळी उसळतो.

हमखास दिसणाऱ्या तक्रारी

पंखा जोरात उसळतो, मंदावतो, पुन्हा उसळतो आणि हे थांबतच नाही: टॅक चिपपर्यंत पोचत नाही. तिसरी तार, १० किलोओमचा पुल-अप किंवा चुकीची कक्षा. चिपला पंखा थांबलाय असं वाटतं आणि ती त्याला पुन्हा पुन्हा सुरू करते.

आरपीएम मध्येच दुप्पट-तिप्पट उडी मारतो: टॅकच्या तारेत खरखर शिरतेय. ती पीडब्ल्यूएमच्या तारेशी पिळून नेली असेल तर वेगळी करा. तार ३० सेंटिमीटरहून लांब असेल तर चिपच्या टॅक पिनेपाशी १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडकडे लावा.

बारीक शिट्टीसारखा आवाज: पीडब्ल्यूएमची वारंवारता ऐकू येण्याच्या पट्ट्यात उतरलीय. हेक्स २डी मध्ये शून्य म्हणजे २६ किलोहर्ट्झ. हेक्स ३१ हे भाजक आहे, त्यात १ च हवा.

सगळं नीट चालताना पंखा अचानक ऐकेनासा होतो, पण आयटूसीवर चिप उत्तर देते: ३.३ व्होल्ट क्षणभर कोसळले, चिपची रजिस्टरं मूळ किमतींवर गेली, आणि मायक्रोकंट्रोलर मात्र चालूच राहिल्यानं त्याला हे माहीत नाही. दर मिनिटाला हेक्स ३२ आणि हेक्स ३८ वाचा. आपण लिहिलेल्या किमती नसतील तर आठही पायऱ्या पहिल्यापासून करा. पूर्ण वेगावर असताना हेक्स ३२ मध्ये हेक्स ०बी असणंच बरोबर, एवढं तपासणीत लक्षात ठेवा.

एकापेक्षा जास्त पंखे असतील तर याच घराण्यातली ईएमसी२३०५ पाच पंखे सांभाळते. रजिस्टरांची मांडणी हीच, पहिल्या पंख्याची हेक्स ३० पासून, दुसऱ्याची हेक्स ४० पासून, पाचव्याची हेक्स ७० पासून. प्रत्येक पंख्याचा तळ मात्र वेगळा मोजावा लागतो, एकाच खोक्यातून आलेले दोन पंखे असले तरी.

झाकण लावण्याआधी दोन चाचण्या करा. पंखा १,२०० वर फिरत असताना टॅकची तार काढा: अलर्ट खाली गेला पाहिजे आणि तुमच्या प्रोग्रामनं पंखा पूर्ण वेगावर सोडला पाहिजे. तार परत लावा, सगळं पूर्ववत होऊ द्या. मग मायक्रोकंट्रोलरचा रीसेट दाबून धरा: वॉचडॉग चालू ठेवला असेल तर चार सेकंदांत पंखा पूर्ण वेग घेतो. या दोन्ही चाचण्या झाकण लावल्यावर, सगळ्या तारा जागेवर दाबून बसवल्यावर आणखी एकदा करा. टॅकची तार बहुतेक वेळा झाकणाखाली चिमटते.